सामायिक सूक्ष्मदर्शक सुविधा आणि प्रतिमेची विश्वासार्हता : सुविधाकेंद्रांतून आलेल्या मार्गदर्शनपर लेखनाची समीक्षा

प्रास्ताविक

संशोधकांनी संशोधकांसाठी केलेले लेखन, त्यातही उपकरणे कशी वापरावीत याविषयीचे मार्गदर्शनपर लेखन, समीक्षेचा विषय होऊ शकते असे सहसा मानले जात नाही. असे लेखन म्हणजे माहितीपुस्तिका. माहितीपुस्तिकेत बरोबर-चूक असते, भूमिका नसते, असा यामागचा समज असतो. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी प्रगत प्रकाश-सूक्ष्मदर्शन या क्षेत्रातील तीन लेख निवडले आहेत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अ‍ॅलिसन नॉर्थ यांचा २००६ मधील लेख, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील क्लेअर ब्राउन यांचा २००७ मधील लेख आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील जेनिफर वॉटर्स यांचा २००९ मधील लेख हे ते तीन लेख होत. पहिला व तिसरा ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकात, तर दुसरा ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. या तिन्ही लेखिकांचे नाते अनेक प्रयोगशाळांनी मिळून वापरायच्या सामायिक सूक्ष्मदर्शक सुविधांशी आहे, हे या निवडीमागचे प्रमुख कारण होय.

या लेखनाकडे पाहताना तीन प्रश्न समोर ठेवले आहेत. उपकरण आणि प्रतिमा यांच्या नात्याविषयी हे लेखन काय सांगते? ते कोणत्या जागेवरून सांगते? आणि ते ज्याविषयी बोलत नाही, त्याचे भारतीय विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या संदर्भात महत्त्व काय? हे प्रश्न केवळ जीवशास्त्राच्या अध्यापकांचे नाहीत. छापलेल्या प्रतिमेवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न ज्ञानव्यवहारात वावरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

सामायिक सुविधेची पार्श्वभूमी

प्रकाश-सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेला मर्यादा आहे, हे अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावर असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसू शकत नाहीत. उत्तम प्रतीचे वस्तुभिंग व हिरवा प्रकाश घेतला तरी ही मर्यादा सुमारे १८० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास येते. विसाव्या शतकाचा बराच काळ या मर्यादेच्या आत राहून काम झाले आणि त्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक एखाद्या विभागाला, प्रसंगी एखाद्या प्रयोगशाळेलाही परवडत असे.

हे चित्र शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बदलले. मार्विन मिन्स्की यांनी कॉन्फोकल पद्धतीच्या एकस्वासाठी १९५७ मध्ये अर्ज केला व ते १९६१ मध्ये मिळाले. परंतु जीवशास्त्रात ही पद्धत रुजली ती १९८७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लेसरवर चालणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या पेशींच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्यानंतर. १९९० मध्ये द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शन आले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशमधील हरित प्रतिदीप्त प्रथिन दुसऱ्या सजीवांच्या पेशींत खूण म्हणून वापरता येते असे दाखवले. जिवंत पेशीतले एखादे विशिष्ट प्रथिन आता प्रकाशमान करून पाहता येऊ लागले. या शोधाशी संबंधित संशोधकांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅबे यांची मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींसाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल व विल्यम मोर्नर यांना हेच पारितोषिक २०१४ मध्ये देण्यात आले.

लेसर, संवेदक, संगणक व कंपनविरहित मेज यांची जुळणी असलेले असे उपकरण रुपयांत सांगायचे तर कोटींच्या घरात जाते. ते एका प्रयोगशाळेने विकत घ्यावे आणि आठवड्यातून दोन दिवस वापरावे, हे व्यवहार्य नव्हते. यातून सामायिक सुविधाकेंद्रांची कल्पना आली. हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतील प्रगत प्रकाश-सूक्ष्मदर्शन सुविधा हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिका, कॅनडा व युरोपमधील विद्यापीठांतून अशी केंद्रे उभी राहिली.

उपकरण महाग झाले म्हणून ते सामायिक झाले, ही या केंद्रांची रूढ उपपत्ती आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. बेट्झिग यांनी हॅरल्ड हेस यांच्याबरोबर आपला पहिला अतिविभेदी सूक्ष्मदर्शक हेस यांच्या घरातील दिवाणखान्यात जुळवला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. तिथे मोठे केंद्र नव्हते, मात्र प्रकाशकी पूर्णपणे जाणणारी दोन माणसे होती. सुविधाकेंद्रात याच्या उलट परिस्थिती असते. तिथे उपकरण तयार असते, पण ते वापरायला येणाऱ्याला प्रकाशकी अवगत असेलच असे नाही. म्हणजे केंद्रात जे सामायिक करायचे, त्यात उपकरणाइतकाच निर्णयशक्तीचाही अंतर्भाव होतो. निवडलेले तीन लेख महत्त्वाचे ठरतात ते या दुसऱ्या बाबीमुळे.

तिन्ही लेखांचा आशय व त्यांचा काळ

हे लेख ज्या काळात आले तो काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. संगणकावर प्रतिमा बदलणे सोपे झाल्यामुळे ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत लेखांतील प्रतिमांची तपासणी सुरू केली. याच नियतकालिकात २००४ मध्ये माइक रॉसनर व केनेथ यामादा यांनी प्रतिमांतील फेरफारांच्या मोहाविषयी लिहिले. कोणता बदल क्षम्य व कोणता अक्षम्य, याची चर्चा त्यानंतर सर्वत्र झाली. ही चर्चा पुढेही चालू राहिली. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक व सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांतील २०,६२१ शोधनिबंध पाहिले, तेव्हा त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह प्रतिमा आढळल्या. त्यांत सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांबरोबर अन्य प्रकारच्या प्रतिमाही होत्या.

या चर्चेचा रोख प्रतिमा घेतल्यानंतरच्या टप्प्यावर होता. नॉर्थ यांच्या लेखाचे पहिले योगदान असे की त्यांनी हा रोख मागे, प्रतिमा घेण्याच्या क्षणाकडे वळवला. दिसते म्हणजे खरे असते का, असा प्रश्न त्यांच्या शीर्षकातच आहे. अप्रामाणिकपणाचा लवलेशही नसलेला संशोधक, संगणकावर एकाही बिंदूला हात न लावता, चुकीची प्रतिमा प्रसिद्ध करू शकतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. ब्राउन यांनी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शनातील अशाच धोक्यांचा थोडक्यात परामर्श घेतला. वॉटर्स यांनी प्रश्न आणखी पुढे नेला. प्रतिमा पाहून निष्कर्ष काढणे वेगळे आणि प्रतिमेतील तेजस्वितेचे मोजमाप करून निष्कर्ष काढणे वेगळे. मोजायचे असेल तर अचूकता व नेमकेपणा यांची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते, हे त्यांच्या लेखाचे सूत्र आहे.

या लेखनात चर्चिल्या जाणाऱ्या चुकांचे स्वरूप समजण्यासाठी तीन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले संपृक्ततेचे. आठ बिटांच्या प्रतिमेत तेजस्वितेच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. संवेदकाची संवेदनशीलता गरजेपेक्षा वाढवून ठेवली, तर एक पेशी दुसरीच्या दुप्पट तेजस्वी असूनही दोन्ही २५५ या पायरीवर येऊन थांबतात. प्रतिमा डोळ्याला सुंदर व ठसठशीत दिसते, पण दोन्ही पेशींत प्रथिनाचे प्रमाण सारखेच आहे हा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी हरवलेला फरक परत मिळत नाही.

दुसरे उदाहरण काचेचे व माध्यमाचे. बहुतेक वस्तुभिंगे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आच्छादक काचेसाठी घडवलेली असतात. तेलात बुडवून वापरायच्या भिंगाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असतो, तर पेशी ज्या पाण्यात असतात त्याचा १.३३. या तफावतीमुळे नमुन्यात जसजसे खोल जावे, तसतशी प्रतिमा पसरट व मंद होत जाते. ऊतीच्या खालच्या थरांत प्रथिन कमी आहे असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात प्रथिन तेवढेच असून प्रकाश कमी पोहोचलेला असण्याचा संभव असतो.

तिसरे उदाहरण सर्वांत परिचित आहे. एक प्रथिन हिरव्या व दुसरे लाल रंगात दाखवावे, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवाव्यात आणि पिवळा रंग दिसला की दोन्ही प्रथिने एकत्र आहेत असे म्हणावे, ही रूढ रीत. येथे दोन बाबी विसरल्या जातात. एक म्हणजे हे रंग संगणकाने दिलेले असतात. संवेदक रंग पाहत नाही, केवळ प्रकाशाचे प्रमाण नोंदवतो. दुसरी अशी की ज्या ठिपक्यात पिवळा रंग दिसतो तो सुमारे २०० नॅनोमीटर रुंद असतो व खोलीत त्याहून दुप्पट-तिप्पट असतो. हरित प्रतिदीप्त प्रथिनाची लांबी जेमतेम ४ नॅनोमीटर आहे; म्हणजे या ठिपक्याच्या रुंदीत अशी चाळीसहून अधिक प्रथिने एका ओळीत मावतील. दोन माणसांचा पिनकोड एक आहे एवढ्यावरून ती एका घरात राहतात असे म्हणण्यासारखे हे अनुमान आहे. त्यातच एका रंगद्रव्याचा प्रकाश दुसऱ्याच्या मार्गात झिरपला, तर मुळात एकच प्रथिन असताना दोन दिसतात. केवळ एकच रंगद्रव्य लावलेला नमुना तुलनेसाठी सोबत ठेवला, तर ही चूक पकडता येते. परंतु तो नमुना करण्याचे कष्ट पुष्कळदा घेतले जात नाहीत.

या लेखनाचे सामर्थ्य

या तिन्ही लेखांचे सामर्थ्य त्यांच्या अनुभवाच्या व्याप्तीत आहे. प्रयोगशाळेतील संशोधकाला स्वतःच्या चुका माहीत असतात. सुविधाकेंद्रातील व्यक्तीला विद्यापीठभराच्या चुका माहीत असतात. आज चेतापेशींवर काम करणारा, उद्या यीस्टवर काम करणारा, परवा वनस्पतीची मुळे घेऊन येणारा वापरकर्ता तिच्यासमोर बसतो. विषय निरनिराळे, पण चूक तीच, हे तिला दिसते. व्यक्तिगत चूक आणि पद्धतीतील दोष यांतला फरक ओळखण्यासाठी अशीच जागा लागते. या अर्थाने हे लेखन पाठ्यपुस्तकांत न सापडणाऱ्या अनुभवजन्य ज्ञानाचा संचय आहे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी प्रतिमेला ‘दृश्य’ न मानता ‘मोजमाप’ मानले. हा दृष्टिकोन साधा वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. दृश्य सुंदर असू शकते. मोजमापाला सौंदर्य नसते, त्रुटीची मर्यादा असते. शोधनिबंधातील प्रतिमा निवडताना ‘सर्वांत चांगली’ प्रतिमा निवडण्याची जी प्रथा आहे, तिला हा दृष्टिकोन छेद देतो. सर्वांत चांगली म्हणजे सर्वांत देखणी की सर्वांत प्रातिनिधिक, हा प्रश्न या लेखनामुळे टाळता येत नाही.

लेखनाची जागा आणि तिच्या मर्यादा

तथापि, या लेखनाच्या भाषेकडे बारकाईने पाहिल्यास काही मर्यादा स्पष्ट होतात. नॉर्थ व ब्राउन या दोघींच्याही शीर्षकांत वाटेतल्या खड्ड्यांचे रूपक आहे. खड्डे कोठे आहेत ते सांगावे व चालणाऱ्याने ते टाळावेत, अशी या रूपकाची रचना आहे. रूपक उपयुक्त आहे, परंतु निरपेक्ष नाही. रस्ता ठीक आहे, चालणाऱ्याने जपून चालावे, असे ते गृहीत धरते. तोच खड्डा वर्षानुवर्षे त्याच जागी का आहे आणि तो बुजवणे कोणाचे काम आहे, हा प्रश्न या रूपकात बसत नाही. परिणामी चुकीची सर्व जबाबदारी अखेर एकट्या वापरकर्त्यावर येते.

नॉर्थ यांच्या शीर्षकातील दुसरा शब्दही विचारात घेण्यासारखा आहे. आपले मार्गदर्शन त्या नवशिक्यांसाठी असल्याचे म्हणतात. विनयाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु शोधनिबंधात कोणती प्रतिमा जावी हे नवशिका ठरवत नाही. ते प्रयोगशाळेचा प्रमुख ठरवतो, परीक्षक मान्य करतात व संपादक छापतात. संपृक्त प्रतिमा छापली जाते, तेव्हा या तिघांच्याही नजरेतून ती सुटलेली असते. चूक नवशिक्याची म्हणून सांगितली, की या तिघांना प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

हा सौम्यपणा लेखनाच्या जागेतून आलेला दिसतो. सुविधाकेंद्राचा चालक विद्यापीठाच्या रचनेत मधल्या जागी असतो. त्याच्याकडे ज्ञान असते, पण प्रयोग त्याचा नसतो. ज्यांच्या चुका तो पाहतो, तेच त्याच्या केंद्राचे वापरकर्ते असतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या शुल्कावर केंद्राचा खर्च काही अंशी चालतो. अशा जागेवरून लिहिणाऱ्याला उदाहरणे सर्वसाधारण ठेवावी लागतात, दोष निनावी ठेवावा लागतो व स्वर समजावणीचा ठेवावा लागतो. याला लेखकाचा भित्रेपणा म्हणता येणार नाही. तो त्या जागेचा गुणधर्म आहे. परंतु समीक्षेने तो नोंदवला पाहिजे, कारण त्यामुळे काही विषय या लेखनाबाहेर राहतात.

मौनाच्या तीन जागा

या लेखनातील पहिले मौन वेळेविषयी आहे. सामायिक सूक्ष्मदर्शक तासाच्या हिशेबाने मिळतो. तुलनेचे नमुने तपासणे, संवेदकाची पातळी ठरवणे, एकाच पेशीऐवजी पुष्कळ पेशींच्या प्रतिमा घेणे, या सर्व सूचना योग्य आहेत; परंतु प्रत्येक सूचनेला वेळ लागतो व प्रत्येक तासाला शुल्क पडते. दोन तासांची पाळी असलेला विद्यार्थी पहिला पाऊण तास तुलनेच्या नमुन्यांवर घालवील की थेट ‘खऱ्या’ नमुन्याकडे वळेल, याचे उत्तर शुल्काच्या तक्त्यात आहे. सचोटीची किंमत तासावर आकारली जाते, तेव्हा केवळ उपदेशाने काम भागत नाही.

दुसरे मौन श्रेयाविषयी आहे. प्रतिमेसाठी कोणते भिंग, कोणता लेसर, किती तीव्रता हे पुष्कळदा केंद्रातील व्यक्ती ठरवते. शोधनिबंधात तिचा उल्लेख आभाराच्या एका ओळीत येतो किंवा येतही नाही. हा केवळ व्यक्तिगत अन्यायाचा भाग नाही. ज्याने निर्णय घेतला त्याचे नाव नसेल, तर निर्णयाची नोंदही राहत नाही. ‘कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने प्रतिमा घेतल्या’ एवढ्या एका वाक्यात कार्यपद्धती संपते.

याचा पुरावा पुढे मिळाला. ‘ईलाइफ’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ नियतकालिकांतील २४० शोधनिबंध तपासण्यात आले. प्रतिमा कशा घेतल्या याची नोंद निकृष्ट असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. काही निबंधांत याविषयी काहीच माहिती नव्हती, तर अनेकांत मूलभूत तपशील नव्हते. नॉर्थ यांच्या लेखानंतर चौदा वर्षांनी ही स्थिती असावी, ही बाब उपदेशपर लेखनाची मर्यादा दाखवण्यास पुरेशी आहे. वॉटर्स यांच्या सूचना पाळल्या गेल्या की नाही, हे नोंदीच नसतील तर वाचकाला कळणार तरी कसे? त्याच २०२० मध्ये सूक्ष्मदर्शनाची गुणवत्ता व पुनरुत्पादनक्षमता यांसाठी ‘क्वारेप-लिमी’ हे आंतरराष्ट्रीय संघटन स्थापन झाले. एकेकट्या वापरकर्त्याला सूचना देण्याऐवजी केंद्रे, नियतकालिके व उत्पादक यांनी मिळून मापदंड ठरवावेत, ही त्यामागील कल्पना आहे. खड्डे दाखवण्याकडून रस्ता दुरुस्त करण्याकडे झालेला हा प्रवास म्हणता येईल.

तिसरे मौन प्रवेशाविषयी आहे. या लेखनातील वापरकर्ता केंद्राच्या आवारातच राहतो. त्याला प्रशिक्षण मिळते. आज प्रतिमा बिघडली तर पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येऊ शकतो. जो दुरून, एकदाच, मोजक्या वेळेसाठी येतो, तो या लेखांच्या कक्षेत येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. काही पानांच्या तांत्रिक लेखाकडून विद्यापीठीय अर्थकारणाची चर्चा अपेक्षिणे हे समीक्षेचे अतिरेकी मागणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. लेख ज्या हेतूने लिहिले गेले तो हेतू त्यांनी उत्तम रीतीने साधला आहे. परंतु एखादे लेखन सर्वत्र आधारभूत म्हणून वापरले जाऊ लागले, की त्याच्या मर्यादाही त्याच्याबरोबर प्रवास करतात. दुसऱ्या परिस्थितीत ते वापरताना त्या मर्यादा ओळखणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी ठरते. भारतीय संदर्भात ही जबाबदारी अधिक आहे.

भारतीय संदर्भ

भारतात उपकरणे सामायिक करण्याची कल्पना नवी नाही. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रांची योजना हाती घेतली. याच केंद्रांना पुढे ‘सॅफ’ हे नाव मिळाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशी सुविधा आहे. ३ जानेवारी २०२० रोजी बंगळुरू येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. सार्वजनिक निधीतून घेतलेली उपकरणे कोठे आहेत हे शोधून ती आरक्षित करण्याची सोय त्यावर आहे. २०२२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उपकरणांचा सामायिक वापर व देखभाल यांविषयीची ‘श्रीमान’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. लहान महाविद्यालयातील अध्यापकाच्या दृष्टीने हे सर्व प्रयत्न स्वागतार्ह आहेत. उपकरण कोठे आहे हेच ठाऊक नसण्याची अडचण त्यांनी निश्चितच कमी केली.

मात्र या रचनेचा मूळ साचा विश्लेषक उपकरणांच्या अनुभवातून घडला आहे. क्ष-किरण विवर्तन किंवा वर्णपटमापन यांसाठी नमुना पाकिटात घालून पाठवता येतो व काही दिवसांनी आलेख परत येतो. नमुना पाठवणारा व उपकरण चालवणारा यांची भेट झाली नाही तरी फारसे बिघडत नाही. प्रकाश-सूक्ष्मदर्शनात तसे होत नाही. नमुना अनेकदा जिवंत असतो. तो पोस्टाने पाठवता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणती पेशी पाहायची, कोठे थांबायचे, काय दुर्लक्षित करायचे हे निर्णय पाहता-पाहता घ्यावे लागतात. ते घेण्यासाठी विषय जाणणारा व उपकरण जाणणारा, असे दोघे एका वेळी एका जागी असावे लागतात. ‘नमुना द्या, प्रतिमा घ्या’ हा साचा येथे लागू केला, तर प्रतिमा मिळते, पण तिच्यामागचा निर्णय कोणाचाच राहत नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊन हे स्पष्ट करता येईल. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारा एखादा अध्यापक हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणूंचा अभ्यास करतो आहे. दीड-दोनशे किलोमीटरवरच्या विद्यापीठात त्याला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची दोन तासांची पाळी मिळते. त्याच्या महाविद्यालयात उपलब्ध असलेली आच्छादक काच ०.१७ मिलिमीटरची आहे की नाही, हे त्याने पाहिलेले नाही, कारण ते पाहायचे असते असे त्याला कोणी सांगितलेले नाही. मुळाचा काप जाड आहे. मुळांच्या ऊतींना स्वतःचीही प्रतिदीप्ती असते. ती वगळण्यासाठी रंगद्रव्य न लावलेला नमुना आणायला हवा होता, हे त्याला तिथे पोहोचल्यावर कळते. चालक सहृदय आहे, पण पुढची पाळी बाहेर वाट पाहते आहे. अध्यापक सहा प्रतिमा घेऊन परततो. त्या देखण्या आहेत. त्यांतील हिरवा प्रकाश जीवाणूंचा किती व मुळाचा किती, हे आता कोणीही सांगू शकत नाही. यात कोणी अप्रामाणिक नाही आणि कोणी निष्काळजीही नाही. तरीही त्या निबंधातील निष्कर्ष निराधार राहण्याची शक्यता आहे.

नॉर्थ, ब्राउन व वॉटर्स यांच्या लेखांतील ज्ञान या अध्यापकापर्यंत पाळी मिळण्याच्या आधी पोहोचले असते, तर हा प्रसंग टळला असता. म्हणजे मर्यादा मान्य करूनही या लेखनाची गरज येथे कमी होत नाही, उलट वाढते. फक्त ते जसेच्या तसे आयात करून भागणार नाही. सामायिक सुविधेच्या नियमांतच त्याला जागा मिळाली पाहिजे. पाळी देण्याआधी नमुना कसा तयार करावा याविषयी अर्ध्या तासाचे संभाषण, तुलनेच्या नमुन्यांसाठी शुल्क नसलेला वेळ, प्रतिमेसोबत भिंग, लेसर व संवेदक यांच्या सर्व नोंदींची प्रत आणि त्या नोंदींवरून चालकाने लिहून दिलेला कार्यपद्धतीचा परिच्छेद, या चार गोष्टींना नवे उपकरण लागत नाही. त्यांना लागतो तो स्थायी पदावर असलेला, प्रकाशकी व जीवशास्त्र दोन्ही जाणणारा माणूस. असे पद निर्माण करण्यास उपकरण खरेदीइतके प्राधान्य मिळत नाही, तोवर ‘सामायिक’ या शब्दाचा अर्थ यंत्राच्या तासांपुरता मर्यादित राहील.

भाषेचा प्रश्नही यातच येतो. असे मार्गदर्शन मराठीत असावे ही मागणी केवळ भाषाप्रेमाची नाही. पदव्युत्तर विद्यार्थी सूक्ष्मदर्शकासमोर बसून जे प्रश्न विचारतात ते बहुधा मराठीत विचारतात. मराठीत उत्तर देण्यासाठी लागणारी परिभाषा मात्र विस्कळीत आहे. विभेदनक्षमता, संपृक्तता, पार्श्वप्रकाश हे शब्द परिभाषाकोशात असणे वेगळे आणि ते सूचनापत्रकात छापून उपकरणाशेजारी लावलेले असणे वेगळे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. सामायिक सूक्ष्मदर्शक सुविधांतून आलेले मार्गदर्शनपर लेखन हे केवळ तांत्रिक माहिती नव्हे. प्रतिमा म्हणजे काय याविषयीची ती एक भूमिका आहे. प्रतिमेची सचोटी संगणकावर नव्हे, तर उपकरणासमोर ठरते, हे या लेखनाने प्रस्थापित केले व तेवढ्यासाठी त्याचे मूल्य टिकून राहील. तथापि लेखिकांच्या मधल्या जागेमुळे चुकीचा भार त्यात वापरकर्त्यावर पडतो आणि वेळ, श्रेय व प्रवेश हे तीन प्रश्न बाहेर राहतात. २०२० नंतरच्या घडामोडींनी यांपैकी नोंदींच्या प्रश्नाकडे सामूहिक लक्ष वेधले आहे. दुरून येणाऱ्या वापरकर्त्याचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

खेड्यातल्या सामाईक विहिरीचे पाणी कोणाला किती, हे पाळी ठरवते. विहिरीतला गाळ काढणे मात्र कोणाच्याच पाळीत येत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा दिवस ठरवावा लागतो. विद्यापीठांनी पाळ्यांची व्यवस्था बऱ्याच अंशी बसवली आहे. आता तो वेगळा दिवस ठरवण्याचे काम उरले आहे. ते करताना बाहेरून येणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकाला ‘अन्य संस्था’ या शुल्काच्या रकान्यापलीकडे ओळखले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.